औदुंबराने फेकून दिलेली चित्रे

(द्वितीय वर्ष, कला)

मास्टर विनायकांचे चरित्र लिहिण्याचा मला काही अधिकार नाही. सिनेमाचा माझा अभ्यास नाही, आणि ज्यांच्याविषयी लिहायचे ते माझ्या आजीच्याही जन्माआधी जग सोडून गेले. तरीही हा लेख लिहायला बसले आहे, कारण या माणसाचे मी काही देणे लागते. ते देणे नेमके ७८ रुपयांचे आहे.

त्याचे असे झाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील रिक्षा चालवतात, आई दोन घरच्या पोळ्या करते, आणि आजीला तर अक्षरओळखही नाही. जुन्या पनवेलीत आमच्या दोन खोल्या. आतल्या खोलीत खाटेखाली एक पत्र्याची ट्रंक असे. ती आजीच्या सासऱ्यांची, म्हणजे माझ्या पणजोबांची. पणजोबा तरुणपणी मुंबईत गिरगावातल्या एका थिएटरच्या दाराशी सिनेमाच्या गाण्यांच्या पुस्तिका विकत. त्या काळी प्रत्येक चित्रपटाची अशी एक पातळ पुस्तिका निघे. तिच्यात नटनट्यांची नावे, दोन-चार छायाचित्रे, कथेचा सारांश आणि सगळी गाणी छापलेली असत. सारांशही मोठा लबाड. गोष्ट ऐन रंगात आली की तिथेच थांबायचा आणि पुढचे पडद्यावर पाहा म्हणून सांगायचा. आणा-दोन आण्याला ही पुस्तिका मिळे. लोक ती घरी नेत आणि गाणी पाठ करत. न खपलेल्या पुस्तिका पणजोबांच्या ट्रंकेत जमत गेल्या. पुढे मुंबई सुटली, ते पनवेलला परत आले, एस.टी. स्टँडजवळ केळी विकू लागले. पण ट्रंक त्यांनी टाकली नाही.

ती मी टाकली. प्रथम वर्षाला प्रवेश घेतला तेव्हा मला पुस्तके ठेवायला जागा हवी होती. निदान घरात सांगितलेले कारण ते होते. खरे कारण निराळे होते. कॉलेजातल्या मैत्रिणी घरी येणार होत्या, आणि सिनेमाची चोपडी विकणाऱ्याची पणती ही ओळख मला नको होती. मी मनाशी एक व्रतच घेतले होते म्हणा ना. आता आपण शिकलेले व्हायचे, सिनेमाची गाणी बंद, टीव्हीवरच्या मालिका बंद, फक्त अभ्यास. आजी एका लग्नासाठी गावी गेली होती. मी रद्दीवाल्याला हाक मारली. त्याने ट्रंक उपडी केली, तागडी लावली. साडेसहा किलो भरले. किलोला १२ रुपये. मोजून ७८ रुपये त्याने माझ्या हातावर ठेवले. त्या पैशांत मी दोन वह्या आणि एक पेन घेतले.

आजी परत आली. मला वाटले होते, ती रागावेल. ती रागावली नाही. किती आले, एवढेच तिने विचारले. मी आकडा सांगितला. ती काही न बोलता उठली आणि भाकऱ्या थापायला बसली. तो प्रसंग मी विसरूनही गेले.

यंदा मराठीच्या सरांनी आम्हांला आचार्य अत्रे यांच्यावर टिपण लिहायला सांगितले. ग्रंथालयात बसून मी अत्र्यांच्या नाटकांची, पुस्तकांची आणि चित्रपटांची यादी उतरवून घेत होते. त्यात १९३८ सालचा 'ब्रह्मचारी' होता. कथा अत्र्यांची, दिग्दर्शक आणि नायक मास्टर विनायक. कथानकाचा गोषवारा वाचू लागले आणि एका ओळीपाशी अडखळले. औदुंबर नावाचा एक साधासुधा तरुण ब्रह्मचर्यावरचे व्याख्यान ऐकतो, भारावून जातो, आजन्म ब्रह्मचारी राहण्याची शपथ घेतो, आणि पहिले काम काय करतो, तर हौसेने जमवलेली सिनेनट्यांची चित्रे फेकून देतो.

वाचकहो, मला घाम फुटला. हा औदुंबर म्हणजे मीच की!

*

विनायक दामोदर कर्नाटकी यांचा जन्म १९ जानेवारी १९०६ चा, कोल्हापूरचा. आडनाव कर्नाटकी असले तरी मातीने ते पक्के कोल्हापूरकर. आपल्याकडे चित्रपट जन्मला नाशिक-मुंबईच्या आसऱ्याने, पण त्याला वाढवला तो कोल्हापुराने. बाबूराव पेंटर तिथले, व्ही. शांताराम तिथले, भालजी आणि बाबूराव पेंढारकर हे बंधूही तिथलेच. विनायकरावांचे या मंडळींपैकी अनेकांशी जवळचे नाते होते. त्यांचे बंधू वासुदेव कर्नाटकी पुढे नाणावलेले छायाचित्रकार झाले. अशा घरातला मुलगा कॅमेऱ्यापुढे उभा राहिला नसता तरच नवल.

१९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी निघाली. १९३२ साली प्रभातने 'अयोध्येचा राजा' हा मराठीतला पहिला बोलपट काढला. त्यात विनायकरावांनी नारदाची भूमिका केली. बोलपट नवा, ध्वनिमुद्रणाची यंत्रे नवी, आणि पडद्यावरचे माणूस आपल्या भाषेत बोलते याचेच लोकांना अप्रूप. गाता गळा आणि स्वच्छ वाणी असलेल्या नटाला तेव्हा भाव होता. विनायकरावांजवळ दोन्ही होते. शिवाय चेहऱ्यावर एक प्रकारचा भाबडेपणा होता. पुढे तोच भाबडेपणा त्यांच्या विनोदाचे भांडवल झाला.

१९३३ साली प्रभात पुण्याला गेली. कोल्हापूर ओस पडते की काय असे वाटत असतानाच कोल्हापूर सिनेटोन ही संस्था उभी राहिली, आणि विनायकराव तिथे रमले. १९३५ साली त्यांनी पहिला चित्रपट दिग्दर्शित केला. तो 'विलासी ईश्वर'. कथा मामा वरेरकरांची. शोभना समर्थ यांचेही पडद्यावरचे पदार्पण याच चित्रपटातले. त्या वेळी विनायकराव २९ वर्षांचे होते.

पुढच्याच वर्षी, १९३६ साली, बाबूराव पेंढारकर, विनायकराव आणि छायाचित्रकार पांडुरंग नाईक या तिघांनी मिळून 'हंस पिक्चर्स' काढली. या हंसाची चाल मला फार आवडते. पहिल्याच चित्रपटासाठी ही मंडळी गेली ती वि. स. खांडेकरांकडे, म्हणजे शिरोड्यासारख्या कोकणातल्या गावात शाळामास्तरकी करणाऱ्या एका लेखकाकडे. 'छाया' हा त्यांचा पहिला चित्रपट. त्यात लीला चिटणीस होत्या. त्या पदवीधर, आणि जाहिरातीतही त्यांच्या पदवीचा गाजावाजा झालेला. शिकलेल्या घरातली, बी.ए. झालेली बाई सिनेमात काम करते हे सांगितल्याने सिनेमाची प्रतिष्ठा वाढते असे तेव्हा वाटत असावे. मला मात्र हे वाचून जरा हसू आले आणि जरा लाजही वाटली. बी.ए. होण्यासाठी सिनेमा घराबाहेर काढणारी मी, आणि सिनेमाला दारात उभे करण्यासाठी बी.ए.ची पदवी पुढे करणारे ते!

विनायकरावांच्या आयुष्यात दोन लेखक दोन बाजूंनी आले. एका बाजूला खांडेकर : गंभीर, ध्येयवादी, समाजाच्या दुःखाने कळवळणारे. दुसऱ्या बाजूला अत्रे : मिस्कील, दणदणीत, ढोंगाच्या टाचणी टोचणारे. १९३३ च्या 'साष्टांग नमस्कार' या नाटकात अत्र्यांनी नाना प्रकारच्या खुळांची थट्टा उडवून महाराष्ट्राला लोटपोट हसवले होते. विनायकरावांना दोघेही हवे होते. 'छाया' खांडेकरांचा, तर १९३७ चा 'धर्मवीर' अत्र्यांचा. १९३८ साली त्यांनी खांडेकरांच्या कथेवर 'ज्वाला' काढला. चंद्रमोहनसारखा भारदस्त नट घेतला, थाटमाट केला, पैसा ओतला. लोकांनी मात्र पाठ फिरवली.

आणि त्याच वर्षी 'ब्रह्मचारी' आला. एक सडपातळ, भाबडा तरुण छाती काढून शपथ घेतो, आचार्य चंडिरामांच्या संस्थेत दाखल होतो, तालीम करतो, आणि किशोरी नावाची मुलगी समोर आली की त्याच्या निश्चयाचे तीन तेरा वाजतात, एवढीच ती गोष्ट. मीनाक्षी शिरोडकर किशोरी झाल्या होत्या. जलविहाराच्या एका गाण्यात त्या पोहण्याच्या पोषाखात पडद्यावर आल्या आणि महाराष्ट्रात केवढा तरी गहजब झाला. वर्तमानपत्रांतून टीका झाली. आणि टीका करणारे व न करणारे, सगळेच चित्रपट पाहायला गेले. 'ज्वाला'ने जे घालवले ते 'ब्रह्मचारी'ने मिळवून दिले. पुढे हिंदी चित्रपटांत गाजलेल्या नम्रता आणि शिल्पा शिरोडकर या भगिनी याच मीनाक्षीबाईंच्या नाती.

आज हा चित्रपट पाहताना त्या पोषाखाचे काहीच वाटत नाही. वाटते ते औदुंबराचे. विनायकरावांनी त्याला मूर्ख ठरवलेले नाही. तो खोटा नाही, ढोंगी नाही. कुणीतरी मोठ्या आवाजात चांगले काही सांगितले आणि याने ते खरे मानले, एवढाच त्याचा दोष. आपल्याला जे आवडते ते फेकून दिल्याशिवाय आपण चांगले होणार नाही, असे त्याला वाटते. आपण त्याला हसतो, पण हसताना त्याचा राग येत नाही. हा तोल राखणे फार कठीण. थट्टा जरा जास्त झाली असती तर तो विदूषक ठरला असता, जरा कमी झाली असती तर चित्रपटच उपदेश करू लागला असता.

*

'ब्रह्मचारी'च्या यशानंतर विनोदी चित्रपटांची एक मालिकाच सुरू झाली. १९३९ साली 'ब्रँडीची बाटली' आली. कथा पुन्हा अत्र्यांची. त्या वर्षी १ ऑगस्टपासून मुंबईत काँग्रेस मंत्रिमंडळाने दारूबंदी अमलात आणली होती, हे लक्षात घेतले म्हणजे या चित्रपटाची गंमत अधिक कळते. म्युनिसिपालिटीतला एक पापभीरू कारकून. ज्या मुलीवर त्याचे मन जडले आहे तिच्या आजारी भावासाठी औषध म्हणून त्याला ब्रँडीची बाटली आणायची असते, आणि ब्रँडी म्हणजे काय, ती कुठे मिळते, हेच बिचाऱ्याला माहीत नसते. हा कारकून रंगवला दामुअण्णा मालवणकर यांनी. दामुअण्णांचा एक डोळा तिरळा होता. दुसऱ्या कुणी हे व्यंग लपवले असते. दामुअण्णांनी त्यालाच नजर दिली, आणि विनायकरावांनी नायकाची जागा दिली. देखणा नायक सोडून असल्या माणसाभोवती अख्खा चित्रपट उभा करायला छाती लागते.

पाठोपाठ १९४० साली 'लग्न पहावं करून'. चिं. वि. जोशी बडोद्याला नोकरी करत आणि तिथून चिमणराव-गुंड्याभाऊंच्या गोष्टी लिहीत. त्या जोडगोळीला विनायकरावांनी पडद्यावर आणले. दामुअण्णा चिमणराव झाले आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. आमच्या आईवडिलांच्या पिढीला चिमणराव म्हटले की दूरदर्शनवरचे दिलीप प्रभावळकर आठवतात. त्यांच्याही चाळीस वर्षे आधी चिमणरावाला चेहरा मिळालेला होता, हे आज किती जणांना ठाऊक आहे?

यशाबरोबर फाटाफूटही येते. १९४० साली पुण्यात 'नवयुग चित्रपट' ही मोठी संस्था निघाली. विनायकराव, बाबूराव पेंढारकर, अत्रे असे सगळे एका छत्राखाली आले, आणि थोड्याच काळात मतभेद झाले. अत्रे बाहेर पडले. १९४१ साली त्यांनी स्वतःचा 'पायाची दासी' काढला. विनायकरावांनी नवयुगमध्ये खांडेकरांच्या कथेवर 'अमृत' (१९४१) केला आणि चिमणरावांना पुन्हा बोलावून 'सरकारी पाहुणे' (१९४२) केला. मग तेही बाहेर पडले आणि कोल्हापुरात 'प्रफुल्ल पिक्चर्स' सुरू केली. हंस, नवयुग, प्रफुल्ल. सात-आठ वर्षांत तीन संसार मांडले आणि त्यातले दोन मोडले. लोकांना हसवणारा हा माणूस स्वतः किती हसत असेल, कुणास ठाऊक.

*

विनायकरावांचे एक काम असे आहे की ते त्यांच्या कुठल्याही चित्रपटापेक्षा मोठे ठरले, आणि ते त्यांनी गाजावाजा न करता केले. २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात मास्टर दीनानाथ मंगेशकर वारले. मागे पत्नी आणि पाच मुले. थोरली लता १२ वर्षांची. मंगेशकर कुटुंबाशी विनायकरावांचा स्नेह होता. त्यांनी लताला नवयुगच्या 'पहिली मंगळागौर'मध्ये काम दिले. पुढे प्रफुल्लमध्ये तिला नोकरी दिली. 'माझे बाळ', 'गजाभाऊ' अशा चित्रपटांतून ती लहानमोठी कामे करू लागली. लताबाईंनी गायिलेले पहिले हिंदी गाणे 'गजाभाऊ' या मराठी चित्रपटातले आहे. तिला कॅमेऱ्यापुढे उभे राहणे आवडत नसे, पण घर चालत होते. १९४५ साली प्रफुल्लचे बिऱ्हाड मुंबईला हलले तेव्हा लताही मुंबईला आली. त्यानंतरचा इतिहास सांगायची गरज नाही. इतके मात्र म्हणावेसे वाटते की त्या तीन-चार वर्षांत त्या घराला हा आधार मिळाला नसता तर पुढे काय झाले असते, याची कल्पनाही करवत नाही.

मुंबईत विनायकराव हिंदीकडे वळले. महायुद्धाचे दिवस. कच्च्या फिल्मची टंचाई, परवान्यांची भानगड, आणि युद्धाला साहाय्य होईल असे चित्रपट काढण्याचे बंधन. १९४५ चा 'बडी माँ' हा असाच चित्रपट. त्यात नूरजहाँ होत्या आणि छोट्या कामांत लता व आशा या बहिणीही होत्या. १९४६ साली 'सुभद्रा' आणि 'जीवन यात्रा' आले. मात्र कोल्हापूरच्या मातीतला तो मोकळा विनोद मुंबईला त्यांच्याबरोबर आला नाही. औदुंबर, चिमणराव, ब्रँडीची बाटली शोधणारा तो कारकून, ही सगळी माणसे मागेच राहिली.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला. चार दिवसांनी, १९ ऑगस्टला, मुंबईत मास्टर विनायकांचे निधन झाले. वय अवघे ४१. 'मंदिर' हा चित्रपट अपुरा राहिला होता. तो दिनकर पाटील यांनी पुरा केला आणि १९४८ साली तो पडद्यावर आला. त्यात विनायकरावांची मुलगी बालनटी म्हणून दिसते. वडील गेले तेव्हा ती ८ वर्षांची होती. घराचा भार हलका करण्यासाठी तिला लहानपणीच कामाला लागावे लागले. १९५६ साली शांतारामबापूंच्या संस्थेच्या 'तूफान और दिया'ने तिला नाव मिळवून दिले. ती अभिनेत्री नंदा. २०१४ साली त्याही गेल्या.

दीनानाथांची मुलगी आणि विनायकरावांची मुलगी. एकीच्या वडिलांच्या मागे दुसरीचे वडील उभे राहिले, आणि मग पाचच वर्षांत दुसरीवरही तीच पाळी आली.

*

आता उरलेले देणे.

टिपणासाठी माहिती गोळा करताना मला आणखी काही कळले. जुन्या चित्रपटांची फिल्म नायट्रेटची असे. ती चटकन पेट घेई, आणि तिच्यात चांदी असे. चित्रपट चालून जुना झाला की त्याच्या प्रती चांदी काढण्यासाठी वितळवत. हजारावर भारतीय मूकपटांपैकी आज जेमतेम तीसेक शिल्लक आहेत. १९६४ साली पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले आणि पी. के. नायर यांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून रिळे गोळा केली. रिळांबरोबर त्यांनी जाहिरातीची भित्तिपत्रके, छायाचित्रे आणि गाण्यांच्या पुस्तिकाही गोळा केल्या. २००३ च्या जानेवारीत पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि प्रभातच्या काळातली कितीतरी मूळ रिळे जळून गेली. ज्या चित्रपटाचे रीळ उरले नाही त्याची कथा काय होती, त्यात कोण होते, गाणी कोणती होती, हे सांगायला पुष्कळदा फक्त ती आण्या-दोन आण्याची पुस्तिका उरते. म्हणून तर आज जाणते संग्राहक अशा पुस्तिकांना मागतील ती किंमत देतात. मुखपृष्ठ शाबूत असेल तर भाव अधिक, वाळवी लागली असेल तर कमी. माझ्या ७८ रुपयांच्या साडेसहा किलोंत काय काय होते हे आता मला कधीच कळणार नाही. रद्दीच्या दुकानात जाऊन मी विचारून आले. माल केव्हाच कागदाच्या गिरणीला गेला होता. दुकानदाराला माझा चेहराही आठवत नव्हता.

त्या दिवशी घरी आल्यावर मी आजीला सगळे सांगितले. औदुंबराची गोष्ट सांगितली, मूकपटांचे सांगितले, आगीचे सांगितले. ती ऐकत राहिली. मग उठली, देव्हाऱ्यामागे हात घालून तिने एक कापडी पिशवी काढली. त्या पिशवीत आमचे रेशनकार्ड असते, जन्माचे दाखले असतात, हे मला ठाऊक होते. त्यांच्याखाली अकरा पुस्तिका होत्या. लग्न होऊन या घरात आली तेव्हा आजीला सासऱ्यांनी ट्रंक उघडून दाखवली होती आणि आवडतील त्या घे म्हणून सांगितले होते. तिला वाचता येत नव्हते. तिने चित्रे पाहून अकरा निवडल्या.

त्यातल्या एकीला मुखपृष्ठ नव्हते. पहिल्या उरलेल्या पानावर नटांची नावे होती. मी बोट ठेवून वाचत गेले. मास्टर विनायक. मीनाक्षी. दामुअण्णा मालवणकर. जावडेकर. जोग.

मला रडू आले. आजीला वाटले, परीक्षेत काही चुकले.

मग दोन रात्री आम्ही दोघींनी मोबाइलवर 'ब्रह्मचारी' पाहिला. प्रत खरखरीत, आवाज मध्येच बसणारा. आजीला निम्मे शब्द कळले नाहीत, पण औदुंबर तालीम करू लागला की ती पदर तोंडाला लावून हसे. त्याने चित्रे फेकून दिली तेव्हा मात्र ती हसली नाही. तिने माझ्याकडे पाहिले. मग हळूच म्हणाली की फेकली तर फेकली, पोरगा पुढे शहाणा होतो ना, तेवढे सांग. जलविहाराचे गाणे आले तेव्हा मला संकोच वाटून मी ते पुढे ढकलू लागले. आजीने माझा हात धरला. गाणे तिला पुरे ऐकायचे होते. सासरे केळी विकताना हेच गुणगुणत, असे तिने सांगितले. चाल तिच्या ओळखीची होती. शब्द ती पहिल्यांदाच ऐकत होती. मी पुस्तिका उघडली आणि ते गाणे तिला वाचून दाखवले. आमच्या घरात कुणीतरी कुणाला काही वाचून दाखवावे, असे बहुधा पहिल्यांदाच घडत होते. आणि ते पाठ्यपुस्तक नव्हते, सिनेमाची चोपडी होती.

टिपणाला सरांनी बरे गुण दिले. एका ओळखीच्यांकडून मुंबईच्या एका संग्राहकाचा निरोपही आला. मुखपृष्ठ नसले तरी त्या पुस्तिकेचे ते चार आकडी रक्कम देणार होते. माझ्या पुढच्या वर्षाच्या फीचा बराचसा भाग त्यात निघाला असता. मी आजीला रक्कम सांगितली. मागच्या वेळी विचारली होती, म्हणून या वेळी मी आधीच सांगितली. तिने बराच वेळ विचार केला. वडिलांनाही विचारले. वडील म्हणाले, फीचे मी बघतो.

पुस्तिका पिशवीत परत गेली. मी तिच्या पानांची झेरॉक्स काढून ग्रंथालयात द्यावी असे ठरले आहे, म्हणजे ज्यांना मास्टर विनायक कोण हे पाहायचे असेल त्यांना पाहता येईल. मूळ प्रत मात्र देव्हाऱ्यामागेच राहील. पावसाळ्यात दमट हवेने कागद खराब होतो म्हणून मी तिला कडुनिंबाचा सुकवलेला पाला आणि सुती फडके आणून दिले आहे.

आणि ज्या दोन वह्या ७८ रुपयांत आल्या होत्या, त्यातली एक अजून कोरी होती. हा लेख त्या वहीत लिहिला आहे.